माती कुणाच्या पाठीला लागली?

गौरी आल्या त्या रात्रीची गोष्ट. 10 सप्टेंबर 2024, मंगळवार. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत आमचं घर आहे, फिलाडेल्फियापासून गाडीनं तासाभराच्या आत. संध्याकाळी कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून दारापासून आतपर्यंत पावलं उमटवली, ताट वाजवत दोघी बहिणींना घरात घेतलं, शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी असा नैवेद्य झाला. हॉलमधली मोठी भिंत गौरींना दिली होती, म्हणून टीव्ही जेवणाच्या टेबलावर एका टोकाला आणून ठेवला होता. नऊ वाजता त्याच टीव्हीवर कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या जाहीर वादविवादात, समोरासमोर आले. ते उभे होते तिथे, फिलाडेल्फियातल्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये, मुलीला शाळेच्या सहलीसोबत मी स्वतः घेऊन गेले होते.

2022 साली मी इथली नागरिक झाले. अध्यक्षपदासाठीचं हे माझं पहिलंच मत. म्हणून मी वही-पेन घेऊन बसले होते, परीक्षेला बसावं तशी. शेजारी आण्णा, माझे सासरे, सांगलीहून चार महिन्यांसाठी आलेले. इंग्रजी पेपर ते चष्मा लावून सावकाश वाचतात, पण या वेगाचं बोलणं त्यांना कळत नाही. तरी दीड तास ते जागचे हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "मग? निकाली झाली, का बरोबरीत सोडवली?"

आण्णांचं सगळं तारुण्य तालमीत आणि जत्रेच्या मैदानांत गेलं. कुस्ती निकाली होते म्हणजे काय, हे त्यांना विचारावं. दोन्ही खांदे टेकले, पाठीला माती लागली, की विषय संपला. हरलेल्या पैलवानाच्या गावचे लोकसुद्धा ते नाकारू शकत नाहीत, कारण माती पाठीवर दिसते. मी वही उघडून बघितली. दोन पानं भरली होती. पण आण्णांना उत्तर द्यायला माझी जीभ रेटेना.

"तुम्हाला काय वाटलं, आण्णा?" मीच उलट विचारलं.

"बाई वरचढ," ते लगेच म्हणाले. "सलामीलाच बघ की. ती चालत त्याच्या जागेपाशी गेली आणि हात पुढं केला. तिथनं पुढं त्यो गडी एकदा म्हणून तिच्याकडं बघंना. समोरच्याच्या डोळ्यातनं डोळा काढून घेतला की कुस्ती हातातनं जाती."

भाषा न कळणाऱ्या माणसानं नुसतं अंगाकडे बघून दिलेला हा निकाल होता. मी इंग्रजीचा शब्दन्‌शब्द ऐकत होते, पण ती सलामी माझ्या वहीत नव्हती.

नवऱ्याचं मत वेगळं पडलं. त्याला त्या दिवशी कामावरून निघायला उशीर झाला, त्यामुळे पहिला जवळजवळ अर्धा तास त्यानं गाडीत रेडिओवर ऐकला. घरात शिरला तेव्हा तो म्हणत होता की ट्रम्प आज जमून बोलतायत, बाईंचा आवाज सुरुवातीला कापतोय. मग पाय धुऊन, गौरींसमोर डोकं टेकवून तो टीव्हीपुढे बसला आणि हळूहळू गप्प झाला. कारण आता त्याला दुसरा अर्धा भाग दिसायला लागला. त्या रात्रीचे नियम असे होते की एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद. समोर प्रेक्षक नाहीत, हातात लिहून आणलेला कागद नाही; कोरी वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढंच. रेडिओवर माइक बंद असलेला माणूस नसल्यातच जमा. टीव्हीवर मात्र तो सारखा दिसतो. हॅरिस हनुवटीखाली हात धरून ऐकत होत्या, भुवया उंचावत होत्या, मान हलवत होत्या. हे सगळं बोलणंच होतं, फक्त त्याला आवाज नव्हता. झोपताना नवरा म्हणाला, "पहिला अर्धा तास त्यांचा, पुढचा तिचा." मला ते तेव्हाही पटलं नाही. पण त्याच्या कानांनी ऐकलेला अर्धा तास माझ्याकडे नव्हता, हेही खरं.

या देशात हा रेडिओ-टीव्हीचा किस्सा फार जुना आहे. 26 सप्टेंबर 1960, शिकागोचा स्टुडिओ, केनेडी आणि निक्सन. टीव्हीवर दाखवलेला अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा तो पहिला सामना. साडेसहा-सात कोटी लोकांनी बघितला. निक्सन यांचा गुडघा त्याआधी गाडीच्या दारावर आपटून चिघळला होता, दोन आठवडे ते दवाखान्यात होते, वजन उतरलं होतं. दाढीची निळसर छटा झाकायला घाईनं पावडर थापलेली, आणि राखाडी सूट मागच्या राखाडी पडद्यात मिसळून गेलेला. तेव्हापासून सांगितलं जातं की टीव्हीवाल्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओवाल्यांना निक्सन. शाळेतल्या पुस्तकात वाचलेल्या गोष्टीसारखं हे सगळ्यांना पाठ असतं.

पण त्या गोष्टीचा पाया फार बारीक आहे. 1987 साली डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेन्डेल या दोन अभ्यासकांनी ती तपासायला घेतली. सगळी मदार मुख्यतः एका पाहणीवर निघाली आणि त्या पाहणीत रेडिओ ऐकलेली माणसं होती जेमतेम 282. शिवाय 1960 साली ज्यांच्या घरी अजून टीव्ही नव्हता ते लोक कोण होते, हाही प्रश्न आहेच. आडगावची, जुन्या वळणाची बरीच माणसं त्यांत असणार. त्यांना निक्सन बरे वाटले ते आवाजामुळे, की ते मुळातच निक्सन यांचे होते म्हणून? हे वाचल्यापासून मला कान आणि डोळा यांच्यातल्या फरकापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कुतूहल लागलं. माणूस कशातून ऐकतो याच्या आधी तो कुठे बसून ऐकतो, हे विचारायला हवं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मला हेच दिसलं. मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. सकाळच्या पाळीत सहाजण होतो. त्यांतल्या एका तरुणानं डिबेट बघितलीच नव्हती. झोपायच्या आधी आणि उठल्या उठल्या फोनवर त्यानं पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे बघितले होते. तरी मत सगळ्यांत ठाम त्याचंच. हॅरिस यांनी ट्रम्प यांच्या सभांतून लोक कंटाळून लवकर उठून जातात असं म्हटलं, तो तुकडा. आरोग्य विम्याबद्दल ट्रम्प म्हणाले की आपल्याकडे योजनेची कल्पना आहे, तो तुकडा. त्याच्या लेखी नव्वद मिनिटांची ती रात्र एवढीच होती.

यावरून मला 1976 आठवलं, म्हणजे वाचलेलं आठवलं. 6 ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्को. समोर जिमी कार्टर होते आणि अध्यक्ष जेराल्ड फोर्ड बोलता बोलता म्हणून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. तेव्हा ते वर्चस्व तर उघडउघड होतं. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल चमकले, त्यांनी पुन्हा विचारून सावरायची संधी दिली. फोर्ड सावरले नाहीत, उलट पोलंड स्वतंत्र आहे असंच पुढे सांगत राहिले. पण त्या रात्री लगेच फोन करून विचारलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना फोर्डच बरे वाटले होते! ते वाक्य त्यांच्या कानांवरून गेलं होतं, मनात अडकलं नव्हतं. मग सकाळ झाली, वर्तमानपत्रं आली, टीव्हीवर ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजलं, आणि संध्याकाळपर्यंत विचारलेली माणसं मोठ्या फरकानं कार्टर जिंकले म्हणायला लागली. बोलणं तेच होतं. चोवीस तासांत निकाल फिरला.

त्याच वर्षीच्या पहिल्या डिबेटची एक गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तीही फिलाडेल्फियातली. वॉलनट स्ट्रीट थिएटर, 23 सप्टेंबर 1976. कार्यक्रम संपत आला असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. दुरुस्तीला 27 मिनिटं लागली. आणि ती 27 मिनिटं फोर्ड आणि कार्टर आपापल्या जागी तसेच उभे राहिले. एकमेकांशी बोलले नाहीत, खुर्चीवर टेकले नाहीत. सगळा देश त्यांना बघत होता आणि दोघांपैकी कुणालाही आधी हलायचं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी आण्णांना सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "बोलणं थांबल्यावरच माणूस नीट बघायला मिळतो." त्या 27 मिनिटांत कोण जिंकलं, असं कुणी कुणाला विचारलं असेल का? मला वाटतं घराघरांत विचारलं असणार.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती मैत्रीण मूळची हैतीची. तिला मी त्या सकाळी काहीच विचारलं नाही. तिनंच काम करता करता सांगितलं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचं, जिथे हैतीहून बरेच लोक आले होते त्या गावाचं, नाव निघालं, तिथे आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात असं ट्रम्प म्हणाले, आणि तिनं टीव्ही बंद केला. सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या प्रशासनाशी आम्ही बोललो आहोत, असा कुठलाही विश्वासार्ह प्रकार नोंदलेला नाही. ते तिनं ऐकलंच नाही. तोवर ती स्वयंपाकघरात जाऊन उभी होती. "कोण जिंकलं मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी ते तिथेच संपलं." पुढच्या काही दिवसांत स्प्रिंगफील्डच्या शाळा बॉम्बच्या धमक्यांमुळे रिकाम्या कराव्या लागल्या, तेव्हा तिचे हात नमुन्यांच्या नळ्या लावताना थांबलेले मी बघितले. माझ्या वहीत त्या वाक्याखाली मी तीन रेघा मारल्या होत्या. मीही दुसऱ्या देशातून इथे आलेली बाई आहे. माझ्याही डब्यातल्या वासाबद्दल कधीतरी कुणीतरी बोललेलं आहे. माझ्यापुरता त्या रात्रीचा निकाल त्या वाक्यानं लागला, आणि असं एखाद्या समाजाबद्दल बोलणं मला आजही अक्षम्य वाटतं.

डिबेटच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गौरीपूजनाच्या दिवशी, पलीकडच्या घरातलं जोडपं दर्शनाला आलं. दरवर्षी येतात. ते इथल्या जुन्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, ती शाळेची बस चालवायची. आमच्या मुलीला सायकल चालवायला शिकवली ती त्यांनी. पुरणपोळीवर तूप घेत त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "ती छान बोलली. जिंकली म्हणायला माझी हरकत नाही." मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "पण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही."

कोणता पहिला प्रश्न, ते मला आठवेना. त्यांनी सांगितला. अर्थव्यवस्थेच्या बाबतीत लोक चार वर्षांपूर्वीपेक्षा आज बरे आहेत असं तुम्हाला वाटतं का, असं म्यूर यांनी हॅरिस यांना विचारलं होतं. त्यावर आपण मध्यमवर्गीय घरात कशा वाढलो आणि पुढे काय करणार, ते त्यांनी सांगितलं: लहान मुलं असलेल्यांना करात सवलत, छोटा धंदा काढणाऱ्यांना पन्नास हजार डॉलरची करवजावट. हो की नाही, ते सांगितलं नाही. शेजाऱ्यांसाठी तो प्रश्न साधा नव्हता. 28 ऑक्टोबर 1980 ला क्लीव्हलंडमधल्या डिबेटमध्ये रिपब्लिकन उमेदवार रेगन यांनी शेवटी लोकांकडे बघून हाच प्रश्न विचारला होता, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुम्ही आज बरे आहात का? तेव्हा हे बावीस वर्षांचे होते. घरात सगळे पिढीजात डेमोक्रॅट. वडिलांच्या शेजारी सोफ्यावर बसून त्यांनी तो प्रश्न ऐकला आणि मनातल्या मनात 'नाही' म्हटलं. तो त्यांनी वडिलांपासून वेगळा केलेला पहिला विचार. चव्वेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा कानांवर पडला, आणि ते उत्तराची वाट बघत बसले.

"आणि शेवटची दोन मिनिटं," ते म्हणाले. नाणेफेक ट्रम्प यांनी जिंकली होती आणि शेवटी बोलायचं निवडलं होतं. त्यात ते म्हणाले की या सगळ्या चांगल्या गोष्टी हिला करायच्या आहेत, मग साडेतीन वर्षं तिथे होती, केल्या का नाहीत? "मला एवढंच ऐकायचं होतं."

मी स्प्रिंगफील्ड काढलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांच्या बायकोनं ताटलीकडे मान घातली. ते शांतपणे म्हणाले, "ते त्यानं बोलायला नको होतं. ते चूकच." आणि थोडं थांबून, "पण किराण्याचं बिल ते मला द्यावं लागतं."

ते गेल्यावर मी रागानं भांडी घासत होते. इतकं मोठं वाक्य चूक म्हणायचं आणि बाजूला ठेवायचं, हे माणसाला जमतं कसं? मग हात पुसून वही काढली. पहिल्या पानावर तारीख, दोघांची नावं, आणि नंतर थेट गर्भपाताचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाची नोंदच नव्हती. तेव्हा मी समई नीट करायला उठले नव्हते, कुणाचा फोनही आला नव्हता. मी तिथेच होते, हातात पेन होतं. आम्ही दोघं कमावतो, अंडी महागली तर आमच्या घरात कुणी बोलत नाही. म्हणून तो प्रश्न माझ्या कानांपर्यंत पोचला आणि तिथेच विरला. त्यांनी जे बाजूला ठेवलं ते निदान ऐकून, चूक म्हणून ठेवलं होतं. मी बाजूला ठेवलंय हे मला कळलंही नव्हतं.

रात्री मुलीचा पिट्सबर्गहून फोन आला. ती एकोणीस वर्षांची, तिचंही हे पहिलंच मत. तिच्या होस्टेलच्या खोलीत नऊजणी दाटीवाटीनं बसून बघत होत्या आणि त्यांना आठवत होतं ते फक्त हॅरिस यांचं गर्भपातावरचं उत्तर. "आई, आमच्याबद्दल कुणीतरी आमच्यासारखं बोललं," ती म्हणाली. मी तिला पहिल्या प्रश्नाबद्दल विचारलं. तिलाही तो आठवत नव्हता.

आकडे बघायचे तर त्या रात्री सीएनएनच्या पाहणीत डिबेट बघितलेल्यांपैकी 63 टक्क्यांना हॅरिस सरस वाटल्या, 37 टक्क्यांना ट्रम्प. त्याआधी जूनमध्ये अटलांटात बायडेन यांच्यासमोर हेच ट्रम्प 67 विरुद्ध 33 नं सरस ठरले होते आणि महिन्याभरात बायडेन यांनी माघार घेतली. सप्टेंबरच्या त्याच पाहणीत अर्थव्यवस्था कुणाच्या हातात द्याल म्हटल्यावर त्याच माणसांचा कौल मात्र ट्रम्प यांच्याकडे झुकला. आमच्या शेजाऱ्यांना कुणी फोन केला असता तर ते 63 टक्क्यांत मोजले गेले असते. हे मागेही होत आलंय. 2012 साली डेन्व्हरची डिबेट रॉम्नी यांनी जिंकली असं गॅलपच्या पाहणीत 72 टक्के म्हणाले, ओबामांच्या बाजूनं 20. निवडणूक ओबामा जिंकले. 2016 ला हिलरी क्लिंटन पहिल्या डिबेटमध्ये 62 विरुद्ध 27 नं पुढे होत्या. आणि स्वतःहून फोन करून किंवा बटण दाबून जे मत देतात, त्यांच्या आकड्यांचं तर बोलायलाच नको. 1980 ला एबीसी वाहिनीनं पन्नास सेंट घेऊन फोनवर कौल घेतला होता; ज्याला पन्नास सेंट खर्चावेसे वाटले त्याचं मत त्यात आलं.

चांगलं कोण बोललं आणि घराची किल्ली कुणाकडे द्यायची, हे दोन प्रश्न आपण एकाच तोंडानं विचारतो. पहिल्याचं उत्तर शेजाऱ्यांनी मला अगदी सरळ दिलं होतं. दुसऱ्याचं त्यांनी 5 नोव्हेंबरला दिलं. त्या सकाळी मतदानाच्या रांगेत ते माझ्या पुढे सहा-सात माणसं सोडून उभे होते. गार वारा होता. त्यांनी मागे वळून बघितलं, हात केला, आणि थर्मासमधली कॉफी हवी का असं खुणेनंच विचारलं. मी हो म्हटलं. तो पेला सहा-सात अनोळखी हातांतून माझ्यापर्यंत आला.

आण्णा तोवर सांगलीला परतले होते. निकालानंतर तीन आठवड्यांनी, आमच्या काउंटीची मोजणी पक्की झाल्यावर, मी त्यांना फोन केला. बक्स काउंटीत चार लाखांच्या आसपास मतं पडली आणि ट्रम्प तिथे तीनशेहूनही कमी मतांनी पुढे राहिले, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"तीनशे म्हणजे आपली गल्लीसुदिक न्हाई," ते म्हणाले. मग बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. "पोरी, मी त्या रात्री बघितलं ते चुकीचं होतं का गं?"

"नाही, आण्णा. तुम्ही बरोबर बघितलंत. ती वरचढच होती."

"मग त्या तीनशे जणांनी काय बघितलं?"

मी त्यांना शेजाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल सांगायला लागले. ते मधे न बोलता ऐकत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "हे तू मला त्या रात्री का नाही सांगितलंस?"